ताट-वाटीचा हिशेब: कमी खर्चात जेवणाची भांडी कशी निवडाल?

नवं घर लावणारे, नुकतंच लग्न झालेले, नोकरीसाठी दुसऱ्या गावी बिऱ्हाड थाटणारे असे अनेक वाचक वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारत असतात. स्टील घ्यावं की काचेचं? तेहतीस नगांचा सेट बरा की सुटी भांडी? पाहुण्यांसाठी वेगळं काही हवंच का? आणि हे सगळं बेताच्या पैशांत बसेल का?

बसेल. फक्त खरेदीचा क्रम बदलावा लागेल. बहुतेकजण पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून भांडी घेतात आणि रोज मात्र आईने दिलेल्या चार जुन्या ताटांत जेवतात. तुम्ही आधी रोजच्या जेवणाचं बघा. पाहुणे उरलेल्या पैशांत होतात.

दुकानात जाण्याआधीची मोजणी

घरात माणसं किती, एवढ्यावरून भांड्यांचा आकडा ठरत नाही. भांडी दिवसातून किती वेळा घासली जातात, यावर तो ठरतो. मावशी सकाळी एकदाच येत असतील, तर चौघांच्या घरात रात्रीची चार ताटं सकाळपर्यंत सिंकमध्ये असतात. त्या उशिरा आल्या की पोह्यांच्या ताटल्या, डब्याची झाकणं आणि दुपारची ताटं असा ढीग साचतो. अशा घरी आठ ताटं लागतात. जेवण झाल्यावर आपापलं ताट विसळून ठेवणाऱ्या घरात सहा पुरतात.

वाट्यांचा हिशेब निराळा. आपल्या जेवणात माणशी किमान दोन वाट्या लागतात, एक आमटीची आणि एक भाजीची किंवा उसळीची. ताक-दही रोज असेल तर तीन. शिवाय उरलेली चटणी झाकून ठेवायला, फोडणीची मोहरी काढायला, बाळाचा भात कालवायला वाटीच हाताशी येते. त्यामुळे वाट्या नेहमी कमी पडतात आणि ताटं पडून राहतात.

चौघांच्या घराची सुरुवातीची यादी साधारण अशी धरा:

- जेवणाची ताटं ६ ते ८
- एकाच आकाराच्या वाट्या १२ ते १६
- फुलपात्रं किंवा पेले ६
- पोहे-उपम्यासाठी लहान ताटल्या ६
- चमचे मोठे ६, लहान ६. काटे हवे असतील तर २-३, सुऱ्या नकोतच
- चहाचे कप ६
- वाढण्यासाठी झाकणाची भांडी ३, पळ्या २, भातवाढी १, चिमटा १

शेवटची ओळ लोक हटकून विसरतात. ताटं चकचकीत आणि आमटी मात्र कढईतूनच वाढायची, असं मग होतं. खरं तर चांगल्या घाटाची, झाकण असलेली तीन भांडी असली की साध्या स्टीलच्या ताटांचं जेवणही नेटकं दिसतं.

मासे-मटण होत असेल तर काटे-हाडं टाकायला त्याच लहान ताटल्या चालतात. काही घरांत सामिष जेवणाची भांडी वेगळी ठेवतात. तसं असेल तर तो आकडा आत्ताच यादीत धरा, नंतर धावपळ होते.

सेट घ्यावा की सुटे नग?

माझं मत सरळ आहे: सुटे घ्या.

डिनर सेटच्या खोक्यावर ‘३३ पीस’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आत काय आहे ते बारीक अक्षरांत वाचा. सहा मोठ्या प्लेट, सहा लहान प्लेट, सहा वाट्या, सहा सूप बोल, सूपचे सहा चमचे, भाताची एक लांबट प्लेट आणि दोन मोठे बोल, अशी ही बेरीज बऱ्याचदा असते. काही सेटमध्ये झाकणही वेगळा नग म्हणून मोजतात. आता तुमच्या घरी महिन्यातून किती वेळा सूप होतं? बारा नग त्यातच गेले. आणि वाट्या मात्र माणशी एकच.

दुसरी अडचण फुटण्याची. वर्षभरात दोन प्लेट फुटल्या की सहाचा सेट चारचा होतो आणि तोवर ती नक्षी बाजारातून गेलेली असते. म्हणून काचेचं किंवा चिनी मातीचं घेणार असाल तर पांढरं, बिननक्षीचं आणि सुटं मिळणारं घ्या. पांढऱ्यात पांढरं मिसळतं. दोन वर्षांनी वेगळ्या कंपनीच्या दोन प्लेट आणल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

सेट फायद्याचा ठरतो तो एकाच वेळी. खोक्याची किंमत भागिले तुम्ही खरोखर वापरणार असलेले नग, हा भाव सुट्या नगापेक्षा कमी आला तरच. हा भागाकार दुकानातच मोबाईलवर करा. छापील किमतीवर साठ टक्के सूट आहे, हे ऐकून तो टाळू नका.

कशाचं घ्यायचं?

स्टील. रोजच्या वापराला याच्याइतकं बिनघोर दुसरं काही नाही. गोंधळ होतो तो आकड्यांचा. ३०४ या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्याला १८/८ असंही म्हणतात. २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याच्या जागी मँगनीज जास्त, म्हणून ते स्वस्त. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४’ म्हणतो. त्याला फसू नका. लोहचुंबक दोन्हींना जवळजवळ चिकटत नाही. चिकटतं ते ४३० या बिननिकेलच्या स्टीलला. या परीक्षेने २०२ आणि ३०४ यांतला फरक कळत नाही.

मग ताटाला ३०४ हवंच का? ताटात अन्न अर्धा तास असतं. आयएसआय शिक्क्याचं साधं स्टील त्याला पुरतं. वाचलेले पैसे लोणचं, चिंचेचा कोळ, ताक यांच्या डब्यांसाठी ३०४ घेण्यात घाला, कारण आंबट-खारट पदार्थ तिथे दिवसचे दिवस राहतात. मात्र मीठ-लिंबू लागलेलं ताट रात्रभर तसंच ठेवू नका. मिठातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. ते घासून जात नाहीत.

जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेज हे २६ पेक्षा जाड. पत्रा पातळ असला की गरम भात वाढल्यावर ताट हातात धरवत नाही आणि पोचेही लवकर येतात.

ओपल काच. ला ओपाला, बोरोसिलचं लारा, सेलो ही नावं तुम्ही ऐकली असतील. ही काच पांढरी, हलकी, डाग न धरणारी असते. हळदीचा रस्सा रात्रभर राहिला तरी ती पिवळी पडत नाही. ती कडक केलेली असते, त्यामुळे सहज फुटत नाही. पण फुटली की तुकडे दूरवर उडतात आणि चार दिवसांनी कपाटाखाली सापडतात. रांगतं मूल घरात असेल तर रोजच्या वापराला ती नको. फ्रीजमधून काढलेल्या ओपलच्या बोलमध्ये उकळती आमटी ओतू नका. आणि तारेची घासणी लावलीत तर वरची नक्षी जाते, बिननक्षीचं घ्या म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

चिनी माती आणि बोन चायना. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाची रंगीत भांडी प्रदर्शनांत मिळतात, दिसायला देखणी आणि वजनाला भारी. कपांसाठी, एखाद्या वाढायच्या बोलसाठी जरूर घ्या. बारा ताटं घेतलीत तर कपाटाची फळी आणि घासणाऱ्या मावशी दोन्ही कुरकुरतील. बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख असते. शाकाहारी घराला ते नको असेल तर ‘न्यू बोन चायना’ असं लिहिलेलं घ्या, त्यात ती नसते. अन्न टेकतं त्या बाजूला हाताने रंगवलेली, बनवणाऱ्याचं नाव-गाव नसलेली भांडी शोभेपुरतीच ठेवा. झिलईत शिसं असलं तर ते आंबट पदार्थात उतरू शकतं.

मेलामाइन. स्वस्त, रंगीत, न फुटणारं. पण ७० अंश सेल्सिअसच्या वरचं गरम अन्न यात वाढू नये आणि ते मायक्रोवेव्हमध्ये मुळीच ठेवू नये, कारण उष्णतेने त्यातली रसायनं अन्नात उतरतात. आपली आमटी थेट गॅसवरून ताटात येते. त्यामुळे मेलामाइन फळं, चिवडा, फरसाण एवढ्यापुरतंच. चरे पडलेलं असेल तर तेही नाही.

पितळ आणि कासं. आजीची पितळी ताटं माळ्यावर असतील तर विकायची घाई करू नका, पण कल्हईशिवाय त्यात जेवूही नका. कल्हई म्हणजे कथलाचा थर. भांडं तापवून, नवसागर टाकून तो चढवतात. थर झिजला आणि आतलं पिवळं दिसू लागलं की ताक, सोलकढी, लिंबू त्यात घेणं थांबवायचं. काशाची ताटं सध्या पुन्हा मागणीत आहेत. तांबं आणि कथील यांचा हा मिश्रधातू सुंदर दिसतो, पण महाग आहे, आंबटाने डागाळतो आणि दगडी फरशीवर पडला तर तडकतो. बेताच्या पैशांत एखादी काशाची वाटी हौस म्हणून घ्या.

दुकानात हाताने काय तपासाल?

घरातली नेहमीची एक वाटी पिशवीत टाकून न्या. दुकानदार हसेल, हसू दे. त्याने ‘अकरा इंची’ म्हणून दाखवलेली प्लेट बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत अकरा इंच असते. काचेच्या प्लेटची बाजू उताराची असल्याने आतला सपाट तळ बराच लहान भरतो. त्यात तुमची वाटी ठेवा आणि उरलेल्या जागेत तळहात पसरा. तेवढ्या जागेत भाकरी, भात, कोशिंबीर, चटणी मावायची आहे. मावणार नसेल तर वाटी ताटाबाहेर जाते आणि टेबलावरची गर्दी दुप्पट होते. स्टीलचं बारा इंची, उभ्या काठाचं ताट या बाबतीत अजूनही वरचढ आहे. वरणाचा ओघळ ताटातच राहतो.

बाकीच्या परीक्षा झटपट होतात:

- ताट काउंटरच्या काचेवर ठेवून कडेवर बोट दाबा. डुगडुगलं तर दुसरं मागा.
- कडेवरून बोट अलगद फिरवा. कड आत वळवलेली हवी, नुसता कापलेला पत्रा नको.
- एकाच मापाची दोन ताटं काट्यावर ठेवा. जड ते जाड.
- वाट्या एकात एक बसवून काढून बघा. अडकणाऱ्या वाट्या ओल्या हातांनी सुटत नाहीत.
- चिनी मातीच्या कपावर नखाने टिचकी मारा. आवाज बद्द आला तर तडा असू शकतो.
- पाण्याच्या पेल्यात तुमचा हात तळापर्यंत जातो का, ते बघा.

मायक्रोवेव्ह असेल तर घरून निघतानाच त्यातल्या फिरत्या तबकडीचा व्यास मोजून घ्या. वीस लिटरच्या यंत्रात ती साधारण दहा इंचांच्या आतच असते, त्यामुळे अकरा इंची प्लेट आत फिरतच नाही. सोनेरी किंवा चंदेरी रेघ असलेली भांडी तर त्यात ठेवायचीच नाहीत, ठिणग्या उडतात.

पाहुणे आले की

पाहुण्यांसाठी सहा पांढऱ्या प्लेट सुट्या आणा आणि वाट्या घरच्या स्टीलच्याच ठेवा. पांढरं आणि स्टील एकत्र बरं दिसतं. सगळं एकाच संचातलं असण्याची गरज नाही, मात्र एका पंगतीत एक गोष्ट सगळ्यांना सारखी असू द्या. ताटं सारखी असतील तर वाट्या वेगळ्या चालतात, वाट्या सारख्या असतील तर ताटं. दोन्ही वेगवेगळी झाली की गोळा करून आणल्यासारखं वाटतं.

मांडणीचा आपला जुना क्रम सोयीचाच आहे. समोर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे जे थोडं आणि चवीपुरतं घ्यायचं ते. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, म्हणजे हाताशी वारंवार लागणारं. मधे पोळी आणि भात. टेबलावर काचेच्या प्लेटमध्येही हाच क्रम ठेवा. पाणी, नॅपकिन आणि चमचा एवढंच बाहेर. पश्चिमी पद्धतीचे काटे-सुऱ्यांचे थर मांडायला जागाही नसते आणि वरणभाताला ते लागतही नाहीत.

वीसपेक्षा जास्त माणसं जेवायची असतील तर भांडी विकत घेऊ नका. मंडपवाले, केटरर, बऱ्याच ठिकाणी सोसायटी किंवा महिला मंडळ भांडी भाड्याने देतात. नेताना आणि परत करताना नग दोघांसमोर मोजा आणि चिठ्ठीवर लिहा. एक चमचा हरवला तरी वाद होतो. पत्रावळी, केळीची पानं, उसाच्या चोथ्याच्या प्लेट चालतील. थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि प्लास्टिकच्या प्लेट-कप-चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर. राज्यात पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड आहे. त्यात स्टीलची पाच-पंचवीस ताटं येतील.

पैसे कुठे वाचतात?

स्टील वजनावर घ्या. समजा भाव किलोला ४०० रुपये आणि ताट ३५० ग्रॅमचं, तर ते १४० रुपयांना पडलं. तेच ताट खोक्यात घालून ‘गिफ्ट पॅक’ म्हणून आलं की पुठ्ठ्याचेही पैसे लागतात. नाशिकचा भांडी बाजार, पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ, मुंबईत भुलेश्वर परिसर इथे दुकानं शेजारी शेजारी असल्याने भाव विचारत फिरता येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलच्या भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलात जुना दर लावलेला नाही ना, ते पाहा.

घरातली फुटकी-पोचलेली तांब्या-पितळेची भांडी मोड म्हणून घातली तर नव्याच्या किमतीतून वळते होतात. मोडीचा भाव दोन-तीन दुकानांत विचारा आणि वजन तुमच्या डोळ्यांसमोर करायला लावा. बोहारणीशी घासाघीस करून जुन्या साड्यांवर मिळालेलं पातेलंही वाईट नसतं, फक्त त्याचा पत्रा पातळ असतो हे धरून चाला. धनत्रयोदशीला भांडं घ्यायचं तर एखादी वाटी घ्या. मोठी खरेदी गर्दी ओसरल्यावर. त्या दिवशी दुकानदाराला दुसरं ताट काढून दाखवायलाही वेळ नसतो.

बिल, शिक्का आणि तक्रार

स्टीलच्या आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. स्टीलच्या भांड्यासाठी आयएस १४७५६ हा मानक क्रमांक आणि त्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. तो ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपमध्ये घातला की उत्पादकाचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते कळतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला काय देतो, ते थोडक्यात:

- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. स्टीलचा प्रकार आणि वजन बिलावर लिहून घ्या.
- सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा. बिलात मुदत दिली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर ३० दिवसांत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी इथे लागू पडत नाही.
- रंग आवडला नाही, सासूबाईंना घाट पटला नाही, अशा कारणासाठी मात्र हा हक्क नाही. तो दुकानदाराचा मोठेपणा.
- ऑनलाइन मागवलेला माल फुटका आला किंवा चित्रापेक्षा वेगळा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. खोकं उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, नंतरचा वाद वाचतो.
- खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, नग, उत्पादकाचं नाव-पत्ता, आणि माल आयात केलेला असेल तर मूळ देश छापलेला हवा.

दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बरेच किरकोळ वाद तिथेच मिटतात. नाही मिटला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

एक शेवटची खबरदारी नाव घालण्याची. काउंटरवरचा मुलगा यंत्र हातात घेऊन ‘नाव काय घालू?’ विचारतो आणि आपण हौसेने सांगून टाकतो. नाव कोरलेलं ताट कुठलाही दुकानदार सहज परत घेत नाही, आणि वाद झाला तर ती खरवड तुमच्यामुळे झाली असं म्हणायलाही त्याला वाव मिळतो. आधी सगळे नग मोजा, डुगडुग बघा, बिल हातात घ्या. घरी नेऊन दोन-चार वेळा वापरा, घासा. डाग, गंज काही दिसलं नाही, तर पुढच्या फेरीत नाव घालून आणा.